फायबरच्या होडीच्या तळाची किरकोळ दुरुस्ती: आधी जागा कोरडी, मग उतार, मग मॅट

गोव्यात फायबरच्या होड्यांची डागडुजी बहुतेक जण पावसाळ्यात काढतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी वर ओढून झाकलेली, हाताशी वेळ. पण रेझिनसाठी (काचेचे तंतू बांधून घट्ट होणाऱ्या द्रवासाठी) वर्षातले हेच दोन महिने सगळ्यात वाईट. हवा दमट, फायबर ओला, मॅटही (काचेच्या तंतूंची चादर) सर्दावलेली. असे लावलेले ठिगळ ऑगस्टात होडी पाण्यात गेली की कडेने उचलते, आणि दोष रेझिनच्या डब्यावर जातो. खरे कारण बहुतेक वेळा जागेत राहिलेले पाणी आणि मीठ असते. म्हणून इथे थर देण्याइतकेच जागा तयार करण्याबद्दलही सांगितले आहे.

निवड करता येत असेल तर नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ धरा. दुपारची हवा तेव्हा बरीच कोरडी असते. मात्र या दिवसांत पहाटे दंव पडते आणि होडीचा पृष्ठभाग सकाळी उशिरापर्यंत ओलसर राहतो. दहाच्या आधी रेझिन कालवू नका आणि दुपारी चारनंतर नवा थर देऊ नका. एप्रिल-मेमध्ये काम होते, पण उन्हात रेझिन डब्यातच घट्ट होते, त्यामुळे सावली करून, थोडे थोडे कालवून करावे लागते.

किरकोळ म्हणजे किती

वाळूच्या बारवर तळ घासणे, शापोरा-बेतूलसारख्या नदीमुखांवर सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी टेकणे, जांभ्या दगडाच्या धक्क्यावर आदळणे, बार्नेकल (तळाला चिकटणारे कवचाचे जीव) काढताना पत्र्याच्या उलथन्याने जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर) उडवणे, किनाऱ्यावरून ओढून कणा (तळाची मधली लांब धार) झिजणे: यातून होणारे नुकसान घरच्या घरी दुरुस्त करता येते. तळव्याएवढ्या, म्हणजे साधारण ८ ते १० सेंटिमीटरच्या भोकापर्यंत ही पद्धत चालते.

खालील गोष्टी दिसल्या तर थांबा आणि होडी बांधणाऱ्याकडे न्या. मशीन बसते ती मागची फळी दाबल्यावर हलते किंवा बोल्टच्या भोकातून तपकिरी पाणी येते. आतली आडवी-उभी बांधणी तळापासून सुटली आहे. तडा कण्यावरून आडवा गेला आहे. दुहेरी तळात भरलेला फोम पाण्याने जड झाला आहे. यातले काहीही वरून मॅट लावून बरे होत नाही, उलट आतले पाणी कोंडले जाते आणि प्लायवूड कुजण्याचा वेग वाढतो.

नुकसान डोळ्यांना दिसते त्यापेक्षा नेहमी मोठे असते. एक नाणे किंवा पेचकसाची मूठ घ्या आणि भेगेपासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला दर दोन सेंटिमीटरवर हलके ठोकत जा. चांगल्या भागावर टणक, खणखणीत आवाज येतो. थर सुटले असतील तिथे बद्द आवाज येतो. बद्द आवाज संपतो तिथे पेन्सिलने रेघ मारा. आतून हात पोचत असेल तर आतली बाजूही बघा. रंग नसलेल्या फायबरवर पांढरट डाग दिसला तर तिथे काच आणि रेझिन एकमेकांपासून सुटले आहेत, आणि तो डागही रेघेच्या आत घ्यायला हवा. पाणी नेमके कुठून शिरते ते कळत नसेल तर होडी टायरवर नीट टेकवून आत थोडे गोडे पाणी ओता आणि बाहेरून थेंब कुठे येतो ते बघा. बादलीभर पाणी पुरते. जास्त भरू नका, कारण आधार नसलेला तळ पाण्याच्या वजनाने वाकतो.

काम सुरू करण्याआधी नोंदणी क्रमांकाचा आणि पाण्याच्या रेषेचा फोटो काढून ठेवा. घासताना दोन्ही जातात, आणि नंतर आठवणीवर रंगवलेली रेषा हमखास वाकडी येते.

काय आणायचे

रेझिन आयसोफ्थॅलिक घ्या. दुकानात नुसते ‘आयसो’ म्हटले तरी कळते. साध्या जनरल पर्पज रेझिनपेक्षा ते महाग असते, पण पाण्याखालच्या भागात साधे रेझिन लवकर पाणी पिते आणि काही वर्षांनी फोड येतात. डब्यावरची तारीख बघा. बंद डबा थंड जागेत सहा महिने टिकतो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याहून कमी. ढवळताना जेलीसारखे गोळे लागले तर तो डबा परत करा. त्यात कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारे द्रव्य) आधीच घातलेले आहे का, हे विचारून घ्या.

रेझिन घट्ट करणारा हार्डनर म्हणजे एमईकेपी (मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड), छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत मिळतो. मॅट ४५० ग्रॅमची, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन तितके. बारीक वळणासाठी ३०० ग्रॅमची थोडी. कण्याचे काम असेल तर ६१० ग्रॅमची विणलेली रोव्हिंग (काचेच्या जाड धाग्यांचे कापड). शिवाय जेलकोट, रंगाची पेस्ट, रेझिन दाट करणारी एरोसिलची पूड, अ‍ॅसिटोन, स्वस्तातले दीड-दोन इंची ब्रश, खाचांचा लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा रोलर, चार इंची ग्राइंडर व त्यासाठी ३६ किंवा ४० नंबरची सँडिंग डिस्क, ८० पासून १२०० पर्यंतचे पॉलिश पेपर व वॉटर पेपर, मास्किंग टेप आणि जाड पारदर्शक प्लास्टिक.

मोजण्यासाठी दोन गोष्टी लागतात आणि त्यांत काटकसर करू नये. एक, ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा. दुसरी, ५ मिलीची सुई नसलेली सिरिंज. झाकणाने हार्डनर मोजण्याची सवय फार जणांना आहे आणि अर्धी बिघडलेली ठिगळे तिथूनच येतात.

स्वतःसाठी पूर्ण बंद होणारा चष्मा, नायट्राइलचे हातमोजे, घासताना एन-९५ मास्क आणि रेझिनच्या वेळी सेंद्रिय वाफेचे फिल्टर असलेला मास्क घ्या. साधा कापडी रुमाल रेझिनमधल्या स्टायरिनची वाफ अडवत नाही.

धुणे आणि वाळवणे

आधी भरपूर गोडे पाणी. साबण आणि ब्रशने घासून धुवा, वाळू द्या, पुन्हा धुवा. भेगेत आणि उघड्या पडलेल्या काचेच्या तंतूंत मीठ बसलेले असते. पाणी उडून गेले तरी मीठ राहते, ते हवेतली ओल परत ओढते आणि ठिगळाखाली कायमचा ओलावा तयार करते. म्हणून एकदा धुऊन भागत नाही. तीन वेळा तरी धुवा.

वाळल्यावर, घासायच्या आधी, अ‍ॅसिटोनने पुसा. दोन फडकी घ्या: एक भिजवलेले, लगेच त्यामागून कोरडे. एकाच फडक्याने पुसत बसलात तर डिझेल, तेल आणि पॉलिशचे मेण फक्त पसरते. हा क्रम उलटा करू नका. आधी ग्राइंडर चालवला तर तेच मेण खरवडलेल्या खाचांत दाबले जाते आणि मग ते निघत नाही.

आता सुटलेले, पांढरे पडलेले, भुसभुशीत फायबर सगळे काढा. कडक भाग लागेपर्यंत काढायचे. भोक मोठे झाले म्हणून जीव खाली-वर करू नका. अर्धवट सुटलेला भाग वाचवला तर ठिगळ त्याच्यासकट निघून येते.

मग वाळवा. उन्हाळी दिवसांत सावलीत वारा लागेल असे दोन-तीन दिवस पुरतात. पाण्यातच बांधून ठेवलेल्या होडीला आठवडाही लागतो. हॅलोजनचा दिवा हातभर अंतरावर लावता येतो, पण पृष्ठभागावर तळहात टेकवून ठेवता येईल इतकीच ऊब असू द्या. त्याहून गरम झाले तर आजूबाजूचे चांगले थरही सुटू लागतात.

वाळले की नाही हे बोटाने कळत नाही. एक फूट बाय एक फूट पारदर्शक प्लास्टिक त्या जागेवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला धुके किंवा थेंब दिसले तर अजून वाळवायचे आहे. बाहेरच्या बाजूचे दंव मोजू नका, ते पुसून मगच बघा.

उतार

जुन्या, पूर्ण घट्ट झालेल्या फायबरला नवे पॉलिएस्टर रेझिन (आयसो याच जातीचे) रासायनिक रीतीने जोडले जात नाही. ते फक्त खरखरीत पृष्ठभागाला पकडून राहते. म्हणून पकडायला जितके क्षेत्र जास्त, तितके ठिगळ मजबूत. सरळ उभ्या कडेचे भोक मॅटने भरले तर चिकटायला फक्त ५ मिलिमीटरची कड मिळते आणि पहिल्याच दणक्याला बूच सुटल्यासारखे ते बाहेर येते.

उताराचे प्रमाण १ ला १२ ठेवा. तळाची जाडी ५ मिलिमीटर असेल तर भोकाच्या कडेपासून सगळीकडे ६० मिलिमीटर लांब, हळूहळू पातळ होत जाणारा उतार. म्हणजे ५ सेंटिमीटरच्या भोकासाठी बाहेरचा व्यास १७ सेंटिमीटर होतो. पहिल्यांदा करणाऱ्याला हे फार मोठे वाटते आणि हात आखडतो. आखडू नका. एपॉक्सी (वेगळ्या जातीचे रेझिन) वापरणार असाल तर १ ला ८ चालते, कारण त्याची पकड जास्त असते.

ग्राइंडर सपाट न धरता थोडा तिरका, डिस्कच्या बाहेरच्या अर्ध्या भागाने चालवा आणि एका जागी थांबवू नका. थर जसे उघडतात तशा काचेच्या वर्तुळाकार रेघा दिसू लागतात. त्या समान अंतरावर असतील तर उतार बरोबर आहे; एका बाजूला दाटीवाटी दिसली तर तिथे कड उभी राहिली आहे. उताराच्या बाहेर आणखी ३ सेंटिमीटर जेलकोट ८० नंबरने खरखरीत करा.

खाली ताडपत्री अंथरा. काचेची धूळ वाळूत आणि नदीत जाऊ देऊ नका. ती गोळा करून पिशवीत भरा. अंगाला खाज येऊ नये म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मनगटाला टेप. काम झाल्यावर आधी गार पाण्याने अंग धुवा. 

शेवटी धूळ ब्रशने झाडा, अ‍ॅसिटोनने एकदा पुसा आणि पूर्ण उडून जाईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे थांबा. यानंतर त्या जागेला उघडा हात लावू नका. रेझिन त्याच दिवशी लावा. घासलेली जागा रात्रभर खाऱ्या वाऱ्यात राहिली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धुऊन, वाळवून, हलके घासावे लागते.

किती रेझिन, किती हार्डनर

४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर रेझिनसकट साधारण ०.९ ते १ मिलिमीटर जाड होतो. ५ मिलिमीटरच्या तळात जेलकोट अर्धा मिलिमीटर धरला तर पाच थर लागतात. आधी किती आणि कसले थर होते हे पाहायचे असेल तर कापून काढलेला तुकडा उघड्यावर, वारा पाठीवर घेऊन उभे राहून जाळा. रेझिन जळते, काच राहते, आणि थर सरळ मोजता येतात.

मॅटच्या वजनाच्या अडीचपट रेझिन लागते. वरच्या १७ सेंटिमीटरच्या उदाहरणात १७, १५, १२.५, १० आणि ७.५ सेंटिमीटर व्यासाच्या पाच चकत्यांचे वजन मिळून सुमारे ३० ग्रॅम भरते. त्याला ७५ ग्रॅम रेझिन. ब्रश आणि डब्याला लागणारे धरून १२० ग्रॅम पुरे. इतक्या छोट्या कामाला अर्धा किलो कालवणारे पुष्कळ असतात, आणि मग उरलेले रेझिन डब्यात धूर सोडत बसते.

हार्डनरचे प्रमाण रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के. हिवाळ्यात दुपारी दीड टक्का ठीक, एप्रिल-मेमध्ये १ टक्का. एमईकेपीचा एक ग्रॅम म्हणजे साधारण ०.९ मिली. १०० ग्रॅम रेझिनला दीड टक्का म्हणजे १.३ मिलीच्या आसपास. एक टक्क्याच्या खाली कधी जाऊ नका: ते रेझिन दिवसांनंतरही रबरासारखे मऊ राहते आणि पुढे काही केले तरी सुधारत नाही, खरवडूनच काढावे लागते. दोन टक्क्यांच्या फार वर गेलात तर थर तापतो, ठिसूळ होतो आणि बारीक तडे जातात. घाई असेल तेव्हा हार्डनर वाढवण्यापेक्षा थोडे थोडे कालवणे बरे.

प्रत्येक नव्या डब्याचे आधी ५० ग्रॅम कालवून घड्याळ लावा. किती मिनिटांत ते तारा धरू लागते, म्हणजे घट्ट होऊ लागते, ते त्या दिवसाचे आपले मोजमाप. पंधरा ते वीस मिनिटे मिळाली तर निवांत काम होते. डबा उभा आणि खोल असेल तर उष्णता कोंडते व रेझिन लवकर जाते. पसरट ट्रेमध्ये ओतले की तेच जास्त वेळ टिकते.

कोबाल्ट वेगळे मिळाले असेल तर आधी ते रेझिनमध्ये पुरवठादाराने सांगितलेल्या प्रमाणात पूर्ण ढवळून घ्या, मगच हार्डनर घाला. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर स्फोट होतो. दोघांसाठी एकच सिरिंज, एकच काडी, एकच फडके वापरू नका, आणि बाटल्या शेजारी ठेवू नका. हार्डनर डोळ्यात गेला तर त्याच क्षणी वाहत्या पाण्याखाली डोळा धरा, निदान पंधरा मिनिटे, आणि तसेच दवाखान्यात जा. नजर जाऊ शकते. हात धुऊन येतो, मग बघतो, इतकाही उशीर करू नका.

थर देणे

आतून हात पोचत असेल तर भोकामागे आधार लावा. सनमायकाचा तुकडा तळाच्या वळणाप्रमाणे वाकतो; त्याला मेणाचे पॉलिश तीन वेळा चोळा आणि टेकू देऊन दाबून ठेवा.

मॅट कात्रीने कापण्यापेक्षा कडा हाताने फाडून घ्या. विसकटलेली कड शेजारच्या थरात मिसळते, कापलेली कड पायरी करते. मॅट पिशवीतून आयत्या वेळी काढा. सर्दावलेली मॅट रेझिन लावल्यावर दुधी राहते, पारदर्शक होत नाही. तशी शंका असेल तर तासभर कडक उन्हात ठेवा.

आधी उतारावर रेझिनचा हात फिरवा. मग सगळ्यात मोठी चकती. मोठी आधी की छोटी आधी, यावर जुने कारागीर वाद घालतात. आमचे मत मोठी आधी असे आहे: ती सगळ्या उताराला एकसंध चिकटते, आणि शेवटी वरून घासून सपाट करताना कापल्या जातात त्या मधल्या छोट्या चकत्या, जोडाची कड सुरक्षित राहते.

चकतीवर रेझिन घालून एक मिनिट थांबा. मॅटमधले तंतू धरून ठेवणारा चिकट पदार्थ रेझिनमधल्या स्टायरिनने विरघळतो आणि मॅट मऊ पडते. मग ब्रशने टोचत जा, रंग लावल्यासारखे ओढू नका. ओढले की तंतू गोळा होऊन ब्रशसोबत येतात. त्यावर रोलर मधून बाहेरच्या दिशेने फिरवा. पांढरे ठिपके म्हणजे हवा किंवा कोरडी काच. ते जाईपर्यंत पुढचा थर नको. उलट, रेझिन चमकत साचले असेल तर तेही टिपून घ्या: मजबुती काचेची असते, जास्तीचे रेझिन नुसतेच ठिसूळ.

एका वेळी तीन थरांवर थांबा. पॉलिएस्टर घट्ट होताना तापते आणि आकसते. पाच थर एकदम दिले तर मध्यभाग करपतो किंवा कडेने ताण येऊन सुटतो. तीन थर घट्ट होऊन गार झाले की उरलेले दोन. मेण नसलेल्या रेझिनचा पृष्ठभाग हवेमुळे किंचित चिकट राहतो आणि त्याच दिवशी दिलेला पुढचा थर त्याला नीट जोडला जातो. दुसऱ्या दिवसावर गेले तर ८० नंबरने घासा. उभ्या बाजूवर रेझिन ओघळत असेल तर त्यात थोडे एरोसिल मिसळा.

आतून हात पोचत नसेल, तर आधी दोन थर मॅटचा एक पातळ तुकडा प्लास्टिकवर वेगळा बनवून घ्या, भोकापेक्षा सगळीकडून ३ सेंटिमीटर मोठा. त्याच्या मध्यभागी दोन बारीक छिद्रे पाडून तार ओवा. भोक थोडे लांबट केले की तो तुकडा वाकवून आत सारता येतो. कडेला रेझिन-एरोसिलची घट्ट पेस्ट लावा, तारेने बाहेर ओढून आडव्या काठीला पीळ देऊन बांधा. घट्ट झाल्यावर तार कापा आणि वर थर द्या.

ओरखडे आणि ताऱ्यासारख्या भेगा

फक्त जेलकोटवर असलेला ओरखडा नखाला जाणवत नसेल तर ८०० आणि १२०० च्या वॉटर पेपरने घासून कंपाऊंडने चमकवा, बाकी काही लागत नाही. खोल असेल तर खरवडणीच्या टोकाने त्याला इंग्रजी व्ही आकाराची खाच करा आणि जेलकोट भरा. बारीक भेगेवर नुसता जेलकोट फासला तर तो आत शिरत नाही, वर पूल करून बसतो आणि महिन्याभरात तीच रेघ परत दिसते.

एका बिंदूतून फुटणाऱ्या ताऱ्यासारख्या भेगा म्हणजे तिथे दणका बसला आहे, किंवा आत काहीतरी कडक टेकते आहे आणि तळ त्यावर वाकतो आहे. आतून बघितल्याशिवाय त्या भरू नका. कारण राहिले तर भेगा राहतात.

कण्याची झीज

रोज वाळूवरून ओढल्या जाणाऱ्या होडीत ही दुरुस्ती कधी ना कधी येतेच. कण्यावर काचेचे तंतू दिसू लागले की वाट बघू नका. होडी पूर्ण उलटी करा. तिरकी ठेवून खालून मॅट लावायला गेलात तर अर्धे रेझिन वाळूत जाते आणि थर लोंबतो.

कण्याच्या दोन्ही बाजूंना १० सेंटिमीटर घासा. इथे क्रम उलटा: ८ सेंटिमीटर रुंद पट्टी आधी, मग १२, मग १६, आणि वर १६ सेंटिमीटरची विणलेली रोव्हिंग. बाहेरून सतत घासले जाणार असल्याने खालच्या पट्ट्यांच्या कडा सर्वांत रुंद पट्टीखाली झाकलेल्या हव्यात. २ मीटर लांबीसाठी मॅट सुमारे ३२५ ग्रॅम, रोव्हिंग २०० ग्रॅम आणि वाया जाणारे धरून सव्वा किलो रेझिन लागते. ते पाच-सहा वेळा विभागून कालवा. कण्याची धार तीक्ष्ण असेल तर मॅट तिथे उचलते; आधी ती गोलसर करा. वरून धातूची पट्टी स्क्रूने ठोकण्याचा मोह टाळा, कारण स्क्रूचे प्रत्येक भोक पुढे पाणी शिरण्याची वाट होते.

पुटी, जेलकोट, रंग

थर पूर्ण घट्ट झाल्यावर, निदान एक दिवसाने, ८० नंबरने सपाट करा. खळगे भरायला रेझिनमध्ये एरोसिल आणि बारीक कापलेले काचेचे तंतू मिसळून पुटी करा. चारचाकीच्या गॅरेजमधली पुटी पाण्याखाली वापरू नका. ती घासायला सोपी असते हे खरे, पण तिच्यातली पूड पाणी पिते, फुगते आणि रंगासकट निघते.

जेलकोटसाठी पृष्ठभाग अर्धा मिलिमीटर खाली ठेवा. एका चौरस मीटरला अर्ध्या मिलिमीटरसाठी ६०० ग्रॅम लागतो, म्हणजे वरच्या ठिगळाला २५-३० ग्रॅम. जुना पांढरा रंग उन्हाने पिवळटलेला असतो. पांढऱ्या जेलकोटमध्ये पिवळी आणि कणभर काळी पेस्ट घालून होडीवरच टेपच्या तुकड्यावर ठिपका द्या आणि घट्ट झाल्यावरच रंग ताडा. जेलकोट हवेत उघडा राहिला तर वरून चिकट राहतो. त्यात मेणाचे द्रावण घाला किंवा वर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडेने टेप लावा. दुसऱ्या दिवशी २२०, ४००, ६००, ८००, १२०० असे पाण्याबरोबर घासत जा. एखादा नंबर गाळला की त्याचे ओरखडे शेवटच्या चमकेत दिसतात.

रंगवलेल्या मासेमारीच्या होडीला जेलकोटची गरज नाही; एपॉक्सी प्रायमर आणि पॉलियुरेथेन रंग पुरे.

पावसाळ्यातच करावे लागले तर

नारळाच्या झापांचे छप्पर पुरत नाही. ताडपत्रीने चारही बाजू झाका, पण जमिनीलगत वारा जायला फट ठेवा. प्लास्टिकची चाचणी पास होईपर्यंत हॅलोजनने वाळवा आणि रेझिनच्या आधी दिवे बंद करा; स्टायरिन आणि अ‍ॅसिटोनच्या वाफा पेटतात. पाण्याखालच्या भागासाठी या दिवसांत एपॉक्सी निवडा. त्यासोबत साधी मॅट नको, कारण तिचा चिकट पदार्थ स्टायरिनशिवाय नीट विरघळत नाही. विणलेले किंवा शिवलेले कापड घ्या. प्रमाण डब्यावर लिहिले असेल तेच, हार्डनर कमी-जास्त करून वेग बदलता येत नाही. दमट हवेत एपॉक्सीवर मेणचट साय येते. पुढच्या थराआधी ती गोड्या पाण्याने आणि खरखरीत घासणीने धुवा, वाळवा, मग पॉलिश पेपर. एपॉक्सीवर जेलकोट नीट धरत नाही, तिथे रंगच द्या.

पाण्यात कधी

३० अंशांच्या हवेत एका दिवसात ठिगळ कडक लागते, पण होडी पाण्यातच बांधून ठेवायची असेल तर आठवडाभर थांबा. रोज वर ओढणार असाल तर तीन दिवस पुरतात. पाण्यात सोडण्यापूर्वी नाण्याने पुन्हा ठोकून बघा. पहिल्या पंधरा दिवसांनंतर होडी वर घ्या आणि जोडाच्या कडेवर नख फिरवा. कुठे अडकले किंवा रंगावर वर्तुळाकार रेघ उमटली तर तेवढ्याच कडेचा उतार वाढवून ती लगेच नव्याने बांधा. उरलेले कालवलेले रेझिन डब्यात पूर्ण घट्ट होऊ द्या, मगच टाका. हार्डनर लागलेली फडकी पाण्यात भिजवून वेगळी ठेवा, कारण ढिगात ती आपोआप पेट घेऊ शकतात.